मिशनच्या घरातला हिवाळा

गेल्या वर्षीचा हिवाळा मी आणि माझ्या नवऱ्याने एका कधीच्या मेलेल्या पाद्र्याच्या घरात काढला. हौस म्हणून नाही. उत्तरेकडे एका खाडीच्या टोकाला छोटा दवाखाना आहे, तिथे नर्स हवी होती. तोवर मी हॅमिल्टन शहरातल्या हॉस्पिटलात होते आणि तिथल्याच रोटोटुना या उपनगरात राहत होते. तिथलं प्रत्येक घर शेजारच्या घरासारखं, आणि पॉटलकला आलेला प्रत्येक मराठी माणूस आधी किचनचा बेंचटॉप कुठल्या दगडाचा ते विचारणार, मग जेवणार. त्याला विटून मी अर्ज केला. नवरा आयटीतला, त्याचं ऑफिस लॅपटॉपमध्ये. खाडीवर भाड्याचं घर मिळेना, तेव्हा जुन्या मिशनचं घर सांभाळणाऱ्या ट्रस्टने मागच्या दोन खोल्या देऊ केल्या. पुढच्या दोन खोल्यांत म्युझियम होतं.

फोटोत ते पांढरं लाकडी घर देखणं दिसतं. बॉटनी डाउन्ससारख्या शहरी वस्तीतून आलेली माझी मैत्रीण दारातच म्हणाली, "किती पीसफुल आहे गं." दुपारचा चहा पिऊन, उजेड असतानाच परत गेली. राहिली असती तर तिला कळलं असतं की त्या घरात कपाटातली साडीसुद्धा ओली असते. गादी उचलली की खाली काळी बुरशी. प्यायचं पाणी छपरावरून टाकीत येणारं, आणि छपरावर पॉसम नावाचं मांजराएवढं जनावर नांदायचं, त्यामुळे पाणी उकळल्याशिवाय तोंडात घालायची सोय नव्हती. फाटकापर्यंतच्या वाटेवर इतका चिखल की गमबूट आत राहायचा आणि पाय बाहेर यायचा. नवऱ्याला जूनमध्ये, म्हणजे इथला हिवाळा सुरू होताच, खोकला लागला तो हटेना.

यावर इलाज म्हणून त्याने गॅसचा हीटर आणला. आठवड्याच्या आत ट्रस्टचे अध्यक्ष हजर. हा गृहस्थ जन्मभर विम्याच्या ऑफिसात बसलेला. संकट म्हणजे काय ते त्याने फक्त कागदावर पाहिलेलं. हीटरभोवती एक फेरी मारून तो म्हणाला,

"यामुळे घराचा आत्मा बिघडतो."

"माझ्या नवऱ्याची छाती बिघडली आहे," मी म्हणाले.

"पाद्री आणि त्यांची पत्नी इथे सोळा हिवाळे राहिले. हीटरशिवाय."

हीटर गेला. भिंतीला खिळा नाही, पुढच्या व्हरांड्यात कपडे वाळत घालायचे नाहीत, आणि फोडणी शक्यतो रविवारी नको, कारण रविवारी टूर असते. हे सगळं तो इतक्या गोड आवाजात सांगायचा की आपणच त्याचे आभार मानावेत.

टूर मला पाठ झाली होती. मधली भिंत पातळ. तिकडे तो पाद्रीणबाईंचे हाल सांगायचा आणि इकडे मी त्याच हालात कणीक मळायचे. थंडी, चिखल, एकटेपणा, मीठ लावलेलं मांस, महिनोन्महिने न येणारं जहाज. मग आवाज खाली आणून, "आणि स्थानिक लोकांचा आळस." ते भिंतीवरच्या माहितीच्या पॅनेलवरही छापलेलं होतं, बाईंचे स्वतःचे शब्द म्हणून. लोक हळहळायचे. शहरातून गरम सीटच्या गाडीत बसून यायचं, दुसऱ्याच्या हालांवर हळहळायचं आणि फ्लॅट व्हाइट कॉफी पीत परत जायचं, हा त्यांचा रविवार.

टेकडीवर माओरी वस्ती होती आणि तिथलं समाजघर, ज्याला ते माराए म्हणतात. तिथल्या कारभारी बाई आमच्या जवळच्या शेजारी. शाळेच्या हेडमिस्ट्रेस म्हणून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना आंटी म्हणायचे, मीही म्हणायचे. एकदा मी त्यांना त्या पॅनेलबद्दल विचारलं. त्या माझ्या दाराशी रताळी घेऊन आल्या होत्या.

"या घराची लाकडं आमच्या लोकांनी कापली, आमच्याच लोकांनी उभी केली," त्या म्हणाल्या. "त्या सोळा वर्षांत ती दोघं जे जेवली, ते आमच्या शेतातलं आणि आमच्या खाडीतलं. बाई लिहिते तो आळस नक्की कधी केला, ते आम्हालाही शोधायचं आहे."

"आणि ही जमीन?"

"मिशनची शाळा चालेल तोवर वापरा म्हणून दिली होती. शाळा माझ्या आजीच्या लहानपणी बंद पडली." त्यांनी रताळ्याची पिशवी माझ्या हातात दिली. "धुऊन घे. माती आहे."

ऑगस्टमध्ये अध्यक्षांना कल्पना सुचली. ट्रस्टच्या सभासदांनी एक वीकेंड मिशनऱ्यांसारखं राहायचं. शुक्रवारी डझनभर माणसं आली. बायका बॉनेट, म्हणजे हनुवटीखाली गाठ मारायची जुनी टोपी, घालून, पुरुष काळ्या कोटात. फोन, औषधं, जाड जॅकेटं, म्हणजे एकूण आधुनिक ते सगळं गाडीत ठेवायचं, आणि गाड्या ओढ्यापलीकडच्या मैदानात, म्हणजे फोटोत येणार नाहीत. मीठ लावलेलं मांस एका कसायाकडून खास बनवून आणलं होतं. अध्यक्ष पाद्री झाले होते. त्यांची बायको, मऊ आवाजाची, सतत हसू पाहणारी बाई, ओघानेच पाद्रीणबाई.

शनिवारी पाऊस सुरू झाला. दुपारी वीज गेली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळपर्यंत रस्त्यावर दरड आली आणि ओढ्याला पूर आला. तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत.

रविवारी सकाळी मागच्या दारावर थाप पडली. अध्यक्ष. काळा कोट भिजून लोंबत होता.

"तुमच्याकडे तो गॅसचा हीटर होता ना?"

"होता. तुम्ही काढायला लावलात."

त्याने मान हलवली, जणू मी हवामानाबद्दल काही सांगितलं. "माझ्या पत्नीला जरा त्रास होतोय. तुम्ही येऊन बघाल का?"

पुढच्या खोलीत धूर कोंदला होता. ओली लाकडं, आणि धुराडं कोणी कधी साफ केलेलं नाही. बाई खुर्चीच्या कडेवर पुढे वाकून बसली होती, खांदे वर, एका श्वासात दोन शब्द. दमा जुना होता. पंप पुरापलीकडे गाडीत होता, कारण पंप आधुनिक. मी बॅग आणली, खिडक्या उघडल्या, औषध दिलं, पाठीवर हात ठेवून तिच्याबरोबर श्वास मोजत बसले. बॉनेटची गाठ सोडली तेव्हा ती रडली. थोडा आराम पडला, पण त्या खोलीत ती पुन्हा बिघडणार हे उघड होतं.

"यांना कोरड्या, गरम जागी न्यायला हवं," मी म्हणाले. "टेकडीवर जनरेटर आहे. नवऱ्याला पाठवते."

"पण कार्यक्रम उद्या सकाळपर्यंत आहे," अध्यक्ष म्हणाले.

मी खूप माणसं पाहिली आहेत. बायको बाळंत होत असताना मॅच बघणारी, बापाचा पाय कापायच्या कागदावर सही करून पार्किंगची वेळ संपली म्हणून पळणारी. तरी हे वाक्य मला नवीन होतं. उत्तर बायकोनेच दिलं. श्वास गोळा करून म्हणाली,

"तू थांब. मी जाते."

आंटींचा पुतण्या ट्रॅक्टर घेऊन आला. "स्वीट ॲज," म्हणजे काही काळजी नको, म्हणत त्याने बाईला घोंगडीत गुंडाळून उचललं. उरलेले सगळे मागोमाग चिखलातून चढले. अध्यक्ष सगळ्यात शेवटी, पण आले. वर गरम हवा होती, जमिनीवर गाद्या मांडल्या होत्या, सूप होतं, तळलेली पोळी होती. मी पातेलंभर खिचडी केली. तिला भरपूर लसणीची फोडणी दिली आणि कोणाचाही आत्मा बिघडला नाही. घराचा आत्मा सांभाळणारे लोक दोनदा वाढून घेत होते. मांस खाली तसंच राहिलं, ते पुढे कुत्र्यांनीही घेतलं नाही.

सोमवारी रस्ता मोकळा झाला. निघताना अध्यक्षांनी भाषण केलं. पहिल्या मिशनऱ्यांचं झालं होतं तसंच आपलं स्वागत झालं, असं म्हणाले. त्यांच्या श्रद्धेचं बळ आता आपल्याला उमगलं, असंही म्हणाले.

आंटींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "तेही ताटं न धुताच गेले होते."

दोघा-तिघांनी खाली पाहिलं. अध्यक्ष हसले, त्यांना तो विनोद वाटला. बायको मात्र उठली, स्वयंपाकघरात गेली आणि बाह्या वर करून सिंकपाशी उभी राहिली. तिला मी ओढून खुर्चीवर बसवलं. धाप अजून पुरती थांबली नव्हती.

त्याच महिन्यात आम्ही ते घर सोडलं. आंटींच्या भाचीचं घर टेकडीमागे रिकामं होतं, साधं, पत्र्याचं, कोरडं. नवऱ्याचा खोकला तिसऱ्या आठवड्यात गेला.

अध्यक्षांचा फोन वसंतात आला. मला वाटलं किल्लीबद्दल असेल. पण त्यांना नवीन पॅनेल लावायचं होतं.

"तुमची गोष्टही तीच आहे ना," ते म्हणाले. "दूर देशातून येऊन, हाल सोसून लोकांची सेवा. तुम्ही आजच्या काळातल्या मिशनरी आहात. तुमचा एक फोटो हवा होता."

"मी सेवेला आलेले नाही, नोकरीला आले आहे," मी म्हणाले. "आणि हाल तुमच्या घरात झाले."

मग त्याच गोड आवाजात त्यांनी विचारलं, फोटो साडीत मिळाला तर बरं दिसेल, नाही का.

मी फोन ठेवला. बाहेर पेशंट थांबले होते.