मेंढरं उजव्या हाताला

योगिनी संगणकाच्या डिप्लोमात सगळ्या विषयांत पास झाली आणि एका पंचकोनापायी दोनदा नापास झाली. हसू नका. पाच कोपऱ्यांनी त्या पोरीचं अख्खं वर्ष खाल्लं. आता तिसरी संधी होती, तीही शेवटची. ही गेली की डिप्लोमा गेला.

बिरू धनगराची ही एकुलती एक लेक. ती शिकायला मुकुंदवाडीत मावशीकडं राहायची आणि मायबाप खुलताबादच्या अंगाला मेंढरं घेऊन फिरायचे. खतासाठी कुणाच्या वावरात दोन दिवस मेंढरं बसवायची, की चालले पुढं. दिवस कलला की बिरू पाच मेखा ठोकायचा आणि मेखेमेखेला वाघर, म्हणजे सुतळीचं जाळं, बांधत जायचा. योगिनी सहा वर्षांची असल्यापासून त्याच्या मागं हातोडा घेऊन. बापाची ताकीद ठरलेली, "मेंढरं उजव्या हाताला ठिवून फिरायचं, देवाला फिरतो तसं. आन् शेवटची गाठ पहिल्या मेखीलाच. कोपरा उघडा ऱ्हायला की लांडग्याला आवतण लागत नाय."

त्यामुळं कॉलेजात शाइस्ता मॅडमनी ग्राफिक्स शिकवायला घेतलं, तेव्हा ते सगळ्यात आधी समजलं या पोरीला. मॅडम म्हणाल्या, "मशीनला आकारबिकार काही कळत नाही. त्याला फक्त शिरोबिंदू सांगायचे, म्हणजे कोपरे. एक इथं, एक तिथं. मधली जागा ते आपलं आपण त्रिकोण पाडून भरतं." योगिनीला वाटलं, अगं बाई, ह्या तर मेखा आणि वाघर! लई सोपंय की.

सोपंच होतं. तरी परीक्षेत बाकीच्यांच्या स्क्रीनवर पंचकोन झळकले आणि हिची स्क्रीन तव्यासारखी काळी. परीक्षक म्हणाले, आकार नाही तर गुण नाहीत, आणि पुढं गेले.

नंतर शाइस्ता मॅडमनी तिचा प्रोग्रॅम उघडला आणि कपाळाला हात लावला. "अगं बेटा, कोपरे सगळे बरोबर आहेत, फेरी तेवढी उलटी झाली. प्रत्येक आकाराला पुढची बाजू असते आणि पाठ असते. डावीकडं वळत, घड्याळाच्या उलट कोपरे सांगितले, तर मशीन म्हणतं ही पुढची बाजू. तू सांगितलेस उजवीकडं वळत. त्याला वाटलं आपण पाठ बघतोय. आणि पाठ काढायची नाही, असं प्रोग्रॅममध्ये आधीच लिहून दिलेलं असतं."

"मग ते लिहिलेलंच बदललं तर?"

"एका ओळीचं काम आहे. पण परीक्षेत दिलेल्या ओळींना हात लावायचा नाही. आपणच डावीकडं फिरायचं."

एवढंच ना! योगिनीनं फोनवर बापाला सांगितलं. बिरू खदाखदा हसला. "तुझं मशीन येडंय, पोरी. त्याला म्हणाव एकदा मेंढरं राख."

त्यानंतर तीन महिन्यांनी म्हैसमाळच्या रस्त्यावर मेंढरं वळवताना बिरूला ट्रकनं उडवलं.

पोटचं असं लेक सोडून पाणी द्यायला कुणी नव्हतं. भावकीत कुजबुज झाली, तेव्हा योगिनीची माय पुतळाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "माझी पोरगीच फिरल. कुणाला बघवत नसल त्यानं तोंड फिरवावं." खांद्यावर मडकं घेऊन योगिनी चितेभोवती फिरली. मेलेल्याला उलटंच फिरतात. डावीकडं वळत तीन फेऱ्या. ज्यानं आजवर सगळं उजव्या हाताला ठेवून फिरायला शिकवलं, त्या बापाला तिनं डाव्या हाताला ठेवलं. दर फेरीला चुलता दगडानं मडक्याला भोक पाडी आणि गार पाणी तिच्या खांद्यावरून पाठीवर उतरे. शेवटी मडकं मागं टाकून बोंब मारायची असते. तिनं तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. चुलत्यानं तिच्या वतीनं बोंब मारली. त्या दिवसापासून पोर रडली म्हणून नाही.

पुढं दुसरी परीक्षा आली. नियम तोंडपाठ होता. पहिला कोपरा लिहिला, डावीकडं वळून दुसरा लिहिला, आणि खांद्यावर गार पाणी लागलं. बोटं थांबली. तिनं दुसरा कोपरा पुसला आणि चुकतंय हे ढळढळीत दिसत असताना पाचही कोपरे उजवीकडं वळत लिहिले. मग काळ्या स्क्रीनसमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं खोड लावणारा गेला, आणि खोड तेवढी लेकीच्या बोटांत राहिली.

तिसऱ्या परीक्षेच्या आधीच्या रविवारी ती मायकडं गेली. पुतळाबाई वाघरीची तुटलेली गाठ मारत होती. योगिनीनं सगळं सांगितलं. म्हणाली, "माय, मी उलटी फिरले की आबा परत एकदा मरतो गं. माझ्याच्यानं नाय व्हायचं."

पुतळाबाईनं गाठ दातानं आवळली. मग म्हणाली, "उलटं फिरायला भेती व्हय? तू उलटी फिरलीस म्हणून तर त्याला वाट घावली. न्हायतर हितंच घुटमळत बसला असता, मेंढरांच्या मागं मागं. बाईमाणसानं पाणी दिलं म्हणून लोक काय काय बोलले. मी म्हणलं, माझ्या लेकीनं त्याला पोचवलाय." तिनं वाघर खाली ठेवली. "पोचवलायस ना? मंग आता फिरायला कशाला भेती?"

परीक्षेच्या दिवशी सकाळी योगिनीनं शाइस्ता मॅडमना पहिल्यांदाच सगळी हकिगत सांगितली. त्यांनी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि तिला आत नेऊन बसवलं.

प्रश्न तोच, पंचकोन. पहिला कोपरा. डावीकडं वळून दुसरा. खांद्यावर गार पाणी आलं. येऊ दे, ती मनात म्हणाली. तिसरा, चौथा. पाठ भिजल्यासारखी झाली, तरी तिनं पाचवा लिहिला आणि शेवटची गाठ पहिल्या मेखेला मारली. बटण दाबलं.

काळ्या स्क्रीनवर हिरवागार पंचकोन उभा राहिला.

"आबा!"

अशी हाक, की अख्खी लॅब दचकली. चितेपाशी अडकून पडलेला आवाज आता निघाला, आणि मग थांबेचना. परीक्षक धावत आले. "अहो, आकार तर अगदी बरोबर आलाय. मग ही रडते कशाला?"

शाइस्ता मॅडम योगिनीच्या आणि परीक्षकांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"रडू द्या, सर. वडिलांसाठी रडायचं राहिलंय तिचं."