दादांचे नऊ सेकंद

देवानंददादा रस्त्याने चालताना समोर बघत नाहीत, वर बघतात. पंचवीस वर्षं मलकापुरात केबल टाकली, खांबाखांबावर शिडी लावली, मान तशीच राहून गेली. कोणी बोलायला थांबलं तरी दादांची नजर त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या खांबावर असते. नवखा माणूस आपल्या डोक्यावर काही बसलंय की काय म्हणून केसांतून हात फिरवतो.

दादा म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. घर एकच आहे. खाली ते, माझ्या मोठ्या जाऊबाई धम्मशीलाताई आणि आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई जनकाबाई. वर आम्ही दोघं आणि आमची दहा वर्षांची मंजुश्री. मी बीएस्सी झालेली आहे, हे माझ्यापेक्षा दादांच्या जास्त लक्षात असतं. ते मला नावाने हाक मारतच नाहीत. ‘बीएस्सीबाई’ म्हणतात.

त्यांच्या केबलचं नाव मैत्री केबल. लोकांना त्यावरच्या सिनेमांपेक्षा पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी प्यारी होती. ती दादा स्वतः लिहायचे. ‘पांढऱ्या कानाची शेळी सापडली आहे, ओळख पटवून न्यावी.’ ‘उद्या नळ सहाऐवजी चारला.’ ‘डाव्या पायाची चप्पल आमच्याकडे आहे. उजवी ज्यांच्याकडे असेल त्यांनी फार आनंदी होऊ नये.’ मग घरोघरी डिश आल्या. दादांनी कोणाशी भांडण केलं नाही. एका उन्हाळ्यात स्वतः शिडी घेऊन निघाले आणि आपल्या वायरी आपल्या हाताने उतरवल्या. प्रत्येक घरी चहा झाला. ताई सांगतात, त्या महिन्यात हे झोपलेच नाहीत. दुःखाने की चहाने, ते त्यांना अजून कळलेलं नाही.

नवं घर बांधताना ताईंनी एकच अट घातली होती. “या घरात मले एक बी वायर दिसली नाही पाहिजे. लग्न झालं तवापासून वायरीखालून वाकून चालून राह्यली मी.” दादांनी मान हलवली. अर्थात वर बघत.

यंदा वैशाखात आत्याबाई एसटीच्या पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण वय ऐंशीच्या घरात. डॉक्टरांनी सांगितलं, दिवाळीपर्यंत पलंगावरून उचलायचं नाही. अंग पुसायला न्हाणीघरातलं पाणी जवळ पडतं म्हणून त्यांना मागच्या खोलीत ठेवलं. खोली एवढी लहान, की पलंग मांडल्यावर एक स्टूल बसतं, आणि स्टुलावर कोणी बसलं की दार लागत नाही.

आत्याबाई गेली छत्तीस वर्षं दसऱ्याला धम्मदीक्षेच्या सोहळ्यासाठी नागपूरला जातात. पांढरं लुगडं, भाकरीचं गाठोडं आणि मिळेल ती गाडी. यंदा ते होणार नाही, हे त्यांनी डॉक्टरांच्या आधीच ओळखलं होतं. रडल्या नाहीत. भादव्यात एक दिवस दादांना स्टुलावर बसवून म्हणाल्या, “देवानंद, नागपूरले नाही जात मी. पण त्या दिवशी बुद्धवंदना मी एकटी नाही म्हणणार. सगळ्यांसंगं म्हणीन. छत्तीस साल लोकाईत उभी राहून म्हटली. एकट्या माणसाच्या तोंडून ते निघतच नाही.”

“झालं समज, माय,” दादा म्हणाले. “नागपूरची वंदना टीव्हीवर थेट दाखवतात. समोरच्या खोलीत आम्ही, मागं तू. एकच टीव्ही, एकच वंदना.”

दुसऱ्या दिवशी ते सामान घेऊन आले. समोरच्या खोलीत डिशचा डबा होताच. त्याला दादांनी आपला जुना लॅपटॉप एका छोट्या यंत्राने जोडला. डब्यात जे चित्र येईल ते लॅपटॉप घरच्या वायफायवर सोडून देई. मागच्या खोलीत एक टीव्ही भिंतीवर चढला आणि त्याला पानाच्या डबीएवढा मीडिया प्लेअर लागला. तो हवेतलं चित्र पकडून पडद्यावर मांडी. तसलाच एक प्लेअर स्वयंपाकघरातल्या छोट्या टीव्हीला. वायर नाही, खिळा नाही. ताईंनी भिंतींवरून हात फिरवून खात्री केली.

मला दुसरीच काळजी. वायफायचा डबा जिन्याखाली, आणि त्याच्या बरोबर वर मंजुश्रीची उशी. मी म्हटलं, “दादा, या लहरी भिंतीतून जातात, मग पोरीच्या डोक्यातून नाही का जाणार?”

दादांनी हसायचं टाळलं. टेप आणला, उशीपासून डब्यापर्यंत माप घेतलं आणि डबा उचलून स्वयंपाकघराच्या फळीवर बरणीशेजारी ठेवला. “घ्या बीएस्सीबाई. आता काय लागायच्या त्या लोणच्याले लागतीन.”

मी महिनाभर ते लोणचं मंजुश्रीला वाढलं नाही.

आता गंमत अशी, की डिशचा डबा एकच. समोर जे लागेल तेच मागे, तेच स्वयंपाकघरात. दादांना आपलं राज्य परत मिळालं. लॅपटॉपवरून त्यांनी पट्टी सुरू केली. ‘मंजुश्री तायडे यांनी पाढे म्हणून दाखवावेत.’ ‘आत्ताच मिळालेल्या बातमीनुसार गोळीची वेळ झाली आहे, जनकाबाईंनी नाटक करू नये.’ आत्याबाईंना वाचता येत नाही, पण आपलं नाव त्या ओळखतात. पट्टीवर नाव आलं की पदर सावरून बसायच्या. एकदा पट्टी आली, ‘धम्मशीला, चहा.’ स्वयंपाकघरातून आवाज आला, “पट्टीवर मागतलेला चहा पट्टीवरच मिळन!” तो खरोखर मिळाला नाही.

दसऱ्याला आठ दिवस असतील. मंजुश्रीची गादी झटकायला घेतली तर उशीखाली सतरा खारका. हाडासाठी म्हणून आत्याबाईंना रोज चार देतो त्या. पोरगी चोरी करायला लागली!

“चोरल्या नाहीत, जिंकल्या,” मंजुश्री म्हणाली.

चोरीपेक्षा ते वाईट. मी तिला दंडाला धरून खाली आत्याबाईंपुढे उभी केली. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर नातीचं कौतुक मावत नव्हतं. “पोरीवर ओरडू नको व. तिले आधीच दिसते. मॅच चालू असली की दारात येऊन सांगते, आजी, आता हा आऊट होते, लाव खारीक. अन् होतेच! परवा सिक्सर बी सांगतला.”

मी मंजुश्रीकडे बघितलं. मंजुश्री भिंतीकडे.

“खरं सांग.”

“आजीचा टीव्ही मागून येतो,” ती पुटपुटली. “समोर आऊट झाला की मी पळत येते. तरी आजीचा बॉलर अजून पळतच असतो.”

मी हसणार होते, पण आत्याबाईंचं तोंड उतरलेलं दिसलं. खारकांचं त्यांना काही नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही समोर हसता, ते मी मंग हसतो? मले वाटे, तुम्ही माह्या हसण्याले हसता.” मग म्हणाल्या, “मंग वंदना बी तशीच व्हईन. तुमची झाली की माही.”

दादांनी मोबाईलवर वेळ लावून बघितला. नऊ सेकंद. चित्र डब्यातून लॅपटॉपमध्ये, तिथून हवेत, हवेतून प्लेअरमध्ये, प्रत्येक ठिकाणी थोडं थांबून जातं. समोरचा टीव्ही मात्र डब्याला थेट जोडलेला, म्हणून तो पुढे. त्या संध्याकाळी आम्ही चाचणी घेतली. दादांनी कुठूनशी वंदना लावली, आम्ही समोर हात जोडून म्हटली. आमचा शेवटचा शब्द संपून खोली शांत झाली आणि मागून आत्याबाईंचा एकटीचा आवाज येत राहिला. मग तो मध्येच थांबला.

“राहू दे देवानंद,” त्या म्हणाल्या. “दसऱ्याले हे बंदच ठेव.”

त्या आठवड्यात दादा पहिल्यांदा जमिनीकडे बघून चालताना दिसले. नवाचे सहा सेकंद केले, सहाचे चार. चारावर चित्राचे चौकोन होऊ लागले आणि बातम्या देणारीचं नाक कपाळावर गेलं. परत नऊ. ताईंनी तर आपली अटही मागे घेतली. “टाका वायर. मी डोळे मिटून घेतो.” पण या नव्या टीव्हीची वायर लांब गेली की चित्र थरथरतं. मग पलंगच समोर न्यावा म्हणून दादांनी पलंग मापला, दार मापलं. खोलीतच जोडलेला पलंग दारापेक्षा चार बोटं रुंद निघाला. तेव्हा दादा चौकटीकडे ज्या नजरेने बघत होते, ती बघून ताईंनी घरातला हातोडा लपवला.

हे लिहितालिहिता दोनदा उठून मंजुश्रीचं पांघरूण बघून आले. उशीखालीही हात घालून पाहिला. काही नव्हतं.

दसऱ्याला सकाळीच पाहुणे जमले. पांढऱ्या कपड्यांत पंधराएक माणसं सतरंजीवर बसली. त्यांत आत्याबाईंचा धाकटा भाऊ कचरूमामा. रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन होते, त्यामुळे वेळेच्या बाबतीत इतरांच्या चुका काढतात. मागच्या खोलीत आत्याबाईंना मी पांढरं लुगडं नेसवलं. भिंतीवरचा टीव्ही त्यांच्या सांगण्यावरून बंद होता. समोर नागपूरची गर्दी दिसू लागली. वंदनेला दहा मिनिटं होती.

दादा दोन्ही खोल्यांच्या मधल्या बोळीत उभे होते. एकदा समोर बघत, एकदा मागे. मग ते एकदम समोरच्या खोलीत शिरले आणि डब्यातून टीव्हीत जाणारी वायर उपटली. पडदा काळा.

“अबे देवानंद!” कचरूमामा उठलेच. “काऊन बंद केलं? लाईव्ह हाये ना ते!”

दादा स्वयंपाकघरात गेले. ताई पोळ्या सोडून मागे धावल्या. “माह्या टीव्हीची डबी कुठं नेता?” दादांनी स्वयंपाकघरातला प्लेअर काढून आणला आणि समोरच्या टीव्हीला जोडला. मागे जाऊन आत्याबाईंचा टीव्ही लावला. पुन्हा बोळीत येऊन मान तिरकी करून ऐकू लागले. एका कानाला समोरचा, दुसऱ्याला मागचा. एकदा पळत जाऊन मागचा बंद करून परत लावला. पुन्हा ऐकलं. मग आठ दिवसांनी त्यांचा चेहरा छताकडे गेला.

“आता हा टीव्ही बी डबीवरूनच घेते. समोरचा बी नऊ सेकंद मागं, मायचा बी मागं. दोघं बरोबर.”

“म्हणजे सगळ्या जगाची वंदना होऊन गेल्यावर आपली?” मामा म्हणाले.

“मामा, नऊ सेकंद. तुम्ही माह्या लग्नात फुलं टाकून झाल्यावर आले होते. तवा मी काही बोललो?”

मामा बसले.

मी मागे जाऊन आत्याबाईंना सांगितलं. त्यांना यंत्राचं काही कळलं नाही, एवढंच कळलं, की सगळं घर थांबणार आहे. “पाहुणे बी?” त्यांनी विचारलं. “पाहुणे बी,” मी म्हटलं. त्यांनी टीव्हीकडे तोंड केलं, हात जोडले.

एक गोष्ट मात्र दादांनी धरली नव्हती. दसऱ्याला आमच्या गल्लीत सगळ्यांचे दरवाजे उघडे असतात आणि सगळ्यांचे टीव्ही मोठे असतात. आमच्या पडद्यावर भंतेजी अजून माईक नीट करत होते, तेवढ्यात समोरच्या घरातून वंदना सुरू झाली. शेजारून झाली. पूर्ण गल्लीतून आवाज यायला लागला. आम्ही पंधरा माणसं हात जोडून, ओठ दाबून गप्प. मंजुश्रीने तर दोन्ही हातांनी तोंडच धरलं. नऊ सेकंद एवढे लांब असतात, हे मला बीएस्सीत कोणी शिकवलं नव्हतं.

आणि कचरूमामांना राहवलं नाही. गल्लीच्या आवाजात त्यांनी खणखणीत सुरुवात केली.

पहिला शब्द पुरा व्हायच्या आत मागच्या खोलीतून आरोळी आली. ऑपरेशननंतर आत्याबाई एवढ्या जोरात कधी बोललेल्या नव्हत्या.

“कचरू! थांब ना बे! अजून आपलं यायचं हाये!”

मामांनी जीभ चावली. पडद्यावर भंतेजींनी हात जोडले. मग समोरचे पंधरा आवाज आणि मागचा एक, सगळे एकदम निघाले. मी बोळीत दादांशेजारी उभी होते. आत्याबाईंचा आवाज नेमका कुठला, ते मला शोधूनही सापडेना.