ही फळी खाली ठेवावी

मी एका मोठ्या कंपनीत बिनतारी नेटवर्कचा इंजिनियर आहे. म्हणजे कंपनीच्या कचेऱ्यांमध्ये छताला वायफायचे जे पांढरे डबे चिकटलेले असतात, ते कुठे चिकटवायचे हे मी ठरवतो, आणि तेही झाशीत, लक्ष्मी गेटजवळच्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत बसून. मी इथून बोट हलवलं की तिकडे हैदराबादेत अख्खा मजला खडबडून जागा होतो. आमच्या धंद्यात सगळा खेळ खाली चॅनेल शोधण्याचा, म्हणजे ज्यावर इतरांची गर्दी नाही असा. मी असे खाली चॅनेल शोधून दिलेत की त्यात चार बिऱ्हाडं राहतील आणि अंगणही उरेल.

तर अशा माणसाच्या स्वतःच्या घरचं वायफाय रोज सकाळी अकराला मान टाकायचं आणि दिवेलागणीला आपोआप बरं व्हायचं.

हे माझ्या लग्नानंतर सुरू झालं. मी आधी शेजाऱ्यांवर संशय घेतला. मग कबुतरांवर, रेल्वेवर, किल्ल्याच्या भिंतीवर, शेवटी सूर्यावर. चॅनेल इतक्या वेळा बदलले की घरचा डबा मला ओळखेनासा झाला. डबा खाली ओसरीवर होता. संध्याकाळी जिना उतरून पाहावं तर तो आपल्या फळीवर साधूसारखा शांत. सकाळी अकराला उतरून पाहावं, ही अक्कल मात्र सुचली नाही. एवढ्या मोठ्या कंपनीचा माणूस घरातल्या फळीवर संशय घेत नसतो, तो आधी उपग्रह तपासतो.

कामाच्या बैठका तुटायला लागल्या. आमच्या बंगळुरूच्या मॅडम शांत बाई आहेत. त्या रागावत नाहीत, फक्त कॅलेंडर उघडतात. त्यांनी ते उघडलं आणि सांगितलं, गुरुवारी अकराला वरिष्ठांसमोर तुमचं सादरीकरण, पूर्ण एक तास. लाइन टिकली तर झाशीत राहा. तुटली तर पुढच्या महिन्यापासून बंगळुरूला येऊन बसा.

मला झाशी सोडायची नव्हती. आमचे पूर्वज कुणा सरदाराच्या मागे घोड्यावरून इथे आले आणि परत जायचं विसरले. तो विसराळूपणा मी मोठ्या निष्ठेने जपलाय. शिवाय आई इथेच राहणार होती, ती घर सोडून लक्ष्मी तलावापलीकडेसुद्धा दोन दिवस टिकत नाही. बायको सांगलीची, लग्नाला चार महिने झालेले. तिला आत्ता कुठे इथल्या भाजीवाल्याची हिंदी कळायला लागली होती.

गुरुवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी, माझ्या एका अप्रतिम वाक्याच्या मधोमध, मॅडमचा चेहरा थिजला. मी फोनवरून कसाबसा दहा मिनिटांचा वेळ मागितला आणि सिग्नल मोजायचं ॲप उघडून जिना उतरलो. आकडा पायरीगणिक वाढायला हवा, तो घसरत होता.

ओसरीवर आमची जुनी मांडणी आहे, खाचांमधून फळ्या वरखाली सरकवता येणारी. बायको पदर खोचून उकिडवी बसली होती आणि डब्यासकट ती फळी सगळ्यात खालच्या खाचेत ढकलत होती. तिला खेटून आमचं पितळी पिंप, बेटवा नदी निम्मी आटावी इतकं पाणी त्यात मावतं. पितळ आणि पाणी! वायफायला याहून वाईट शेजार ब्रह्मदेवालाही सुचला नसता.

“हे काय करतेस?”

“रोजचंच,” ती म्हणाली. “तुम्हीच लिहून ठेवलंय ना?”

फळीच्या कडेला माझ्याच अक्षरातली चिठ्ठी होती: ‘ही फळी खाली ठेवावी.’ लग्नाआधी आई तिथे पापडाचे डबे रचायची, म्हणून लावलेली.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. “अगं बाई, खाली म्हणजे रिकामी.”

“मग रिकामी लिहायचं. आमच्याकडे खाली म्हणजे खाली.”

मग उलगडलं ते असं. सून रोज सकाळी केर काढताना नवऱ्याची आज्ञा पाळायची. संध्याकाळी दिवा लावायला आलेल्या सासूला फळी आडवी आल्याने पिंपाचं झाकण उघडता यायचं नाही, म्हणून ती फळी परत वर चढवायची. नव्या सुनेला काय बोलायचं म्हणून आई गप्प. सासूबाईंना काय विचारायचं म्हणून ही गप्प. आणि मी वर बसून सूर्याची चौकशी करत होतो.

मी घाईने फळी वर खेचली आणि चार महिन्यांच्या चढउताराने झिजलेली वरच्या खाचेची पट्टीच हातात आली. डबा ठेवायला जागा नाही, दहातली सात मिनिटं संपलेली.

आईने फळीचं एक टोक धरलं. “जा तू वर. आम्ही धरतो.”

“तासभर?”

“बंगळुरूला जाऊन तरी काय धरणार आहे मी?”

बायकोने दुसरं टोक धरलं. पुढचा पाऊण तास मी वरिष्ठांना कचेरीत डबे कसे टांगावेत हे समजावत होतो आणि खाली माझा डबा सासू-सुनेच्या हातांवर पालखीसारखा तरंगत होता. लाइन अशी लागली की मॅडमच्या मागच्या खिडकीतलं झाडावरचं पान न् पान मोजता आलं. मधूनच खालून दोघींचं हसणं यायचं आणि चित्र किंचित थरथरायचं.

शेवटी मॅडमनी विचारलं, बिघाड नेमका काय होता? मी गंभीरपणे हिंदीत सांगितलं की एकाच शब्दावर दोन भाषा बोलत होत्या, आता वेगळ्या केल्यात. त्यांनी मान हलवली आणि कॅलेंडर मिटलं.

संध्याकाळी आम्ही दोघं भिंतीला ठोकायची नवी फळी आणायला सीपरी बाजारात गेलो. तिचे खांदे अजून दुखत होते, म्हणून परतताना ऑटो पाहायचं ठरलं. मी हात करायच्या आतच तिने एकाला थांबवलं.

“भैया, खाली हो?”

तो म्हणाला, “हाँ जी.” ती चढून बसली, पलीकडे सरकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “या. रिकामी आहे.”