झोपाळ्यावर पास झालेली शेगडी

आमची मुलगी आणि जावई शिडाच्या बोटीवर राहतात. फिरायला जात नाहीत, राहतात. कोकणातल्या एका खाडीत बोट उभी असते. मनात आलं की शीड चढवतात आणि निघतात. हिंगोलीत हे कुणाला समजावून सांगणं अवघड. आमच्याकडं पाणी म्हणजे धरणाचं, नाहीतर टँकरचं. डोंगरकडा गावच्या एका पाहुण्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "जावयाला घर न्हाई व्हय?"

"आहे, पण पाण्यावर आहे," मी म्हणालो. त्यानं इतक्या दुःखानं मान हलवली, की मलाच जावयाची कीव आली.

लग्न विहारात, मोजक्या माणसांत झालं. रुखवत मांडायला पोरीनं साफ नकार दिला. डबे नकोत, मिक्सर नको, पिंप तर नकोच. ठेवायला जागा नाही. त्यावरून तिच्या आईचा रुसवा काही जाईना. शेवटी पोरगी फोनवर म्हणाली, "बरं, एक गॅसची शेगडी द्या. बोटीवरची जुनी गंजली. दोन बर्नरची, लहान. थंडीत मी आठ दिवस येते, जाताना घेऊन जाईन. न्हाई जमलं तर हे बाहेरून मागवतील."

बाहेरून! पोरीच्या संसारात बापाच्या हातची एकच वस्तू जाणार, तीसुद्धा परदेशातून? मी छाती काढून सांगितलं, "शेगडी माझ्याकडं लागली." तिनं लगेच मापं पाठवली. रुंदी, खोली, उंची, सगळं. हेडमास्तर अर्ज वाचतो तशी मी ती वाचली, म्हणजे खाली सही केल्यासारखं 'ठीक' असं लिहिलं आणि विसरलो.

शेगड्यांचा दुकानदार माझा जुना विद्यार्थी. हे दुर्दैवच म्हणायचं, कारण तो माझ्या चुका दाखवत नाही.

"बोटीवर? सर, पाण्यानं विझणार न्हाई का?"

"बोटीच्या आत ठेवायची आहे रे."

"मग बराबर हाय." त्यानं दोन बर्नरची स्टीलची शेगडी पुढं ठेवली. ती अगदीच केविलवाणी दिसत होती. शेजारी तीन बर्नरची, काळ्याभोर काचेची. तिच्यात माझा चेहरा दिसला, आणि बरा दिसला. मी तिच्यावर बोट ठेवलं.

"पोरीनं दोन सांगितले ना?" आमची ही म्हणाली.

"लेकीनं दोन मागितले की आपण तीन द्यायचे असतात."

"काहून?"

मी दुकानदाराकडं वळलो आणि पावती करायला सांगितली.

घरी आल्यावर माझ्यातला शिक्षक जागा झाला. बोट डुलते, तेव्हा शेगडी डुलवून बघितलीच पाहिजे. ओसरीत झोपाळा होताच. त्याच्या फळीवर शेगडी ठेवली, लांब रबरी नळी आणून सिलिंडरला जोडली, पातेल्यात काठोकाठ दूध घातलं, शेगडी पेटवली आणि हळूहळू झोका द्यायला लागलो. ज्योत फडफडली, एकदा विझली. परत पेटवली, त्यात काय एवढं? झोका वाढवला. दूध जागचं हललं नाही. आणखी वाढवला. थेंब सांडला नाही!

कुंपणापलीकडून शेजारी बघत होता. "सर, दुधाला निजवून राहिले का?"

"प्रयोग आहे," मी म्हणालो.

"अंगाई म्हणा, लवकर झोपंल."

मी दुर्लक्ष केलं. हिला फोन धरायला लावून सगळ्या प्रकाराचा व्हिडिओ काढला आणि खाली 'बोटीसाठी पास' असं लिहून पोरीला पाठवला. तिचं उत्तर आलं, 'आल्यावर बोलू.' मला वाटलं, पोरगी भारावली.

ती आली. चहा घेतला, शेगडी बघितली. अंगणातून चार विटा आणल्या, स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या दोन पायांखाली दोन-दोन सारल्या आणि तिरक्या टेबलावर माझी काचेची शेगडी ठेवली. तिच्यावर पातेलं, पातेल्यात गार पाणी.

"पप्पा, उताराच्या बाजूला खुर्ची घेऊन बसा."

बसलो. तिनं टेबलाला बारीकसा धक्का दिला. पातेलं काचेवरून असं सुळकन आलं, की मला उठायलाही सवड मिळाली नाही. आतलं सगळं पाणी माझ्या मांडीत.

"आता हेच उकळतं समजा," ती म्हणाली. "नाव झोक्यासारखी नसते पप्पा. वाऱ्यानं एका अंगाला कलली की तासन्‌तास तशीच कललेली राहते. झोका तर दुधासोबतच कलतो, मग दूध सांडंल कसं? तुमी शेगडी न्हाई तपासली, झोपाळा तपासला."

इथं एक कबुली देणं भाग आहे. मी विज्ञानाचा मास्तर. निवृत्त होईपर्यंत नववीच्या पोरांसमोर दोऱ्याला दगड बांधून झुलवत आलो. त्यातल्या एकानं असला प्रयोग केला असता, तर त्याला मी बाकावर उभं केलं असतं. ओली पँट घेऊन मी स्वतःच उभा राहिलो.

पोरगी आईजवळ हरभऱ्याची भाजी निवडायला बसली. खाली बघतच म्हणाली, "व्हिडिओत एकदा ज्योत विझली. तेव्हा गॅस चालूच होता ना?"

"क्षणभर."

"घरात गळाला तर आपण दारं-खिडक्या उघडतो. नावेत दार वर असतं. हा गॅस हवेपेक्षा जड. खाली नावेच्या पोटात जाऊन बसतो, अन् आमी झोपतो त्याच्यावर. मग कुणी काडी ओढली..." ती थांबली आणि काडी-कचरा बाजूला करत राहिली.

हिचे हात थांबले. इतके दिवस मी काचेत चेहरा बघत होतो. पोरीच्या अंथरुणाखाली काय साचू शकतं, याचा विचार माझ्या डोक्यालाही शिवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकानात पोरगी बोलली आणि मी पिशवी धरली. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी शेगडी तिला हवी होती.

"हाय की," दुकानदार म्हणाला. "माळ्यावर हाय. कुणी घेत न्हाई, तकलीफ हाय तिची. पेटवल्यावर बटन जरा दाबून धरावं लागतं. लोक खराब म्हणून वापस आणून देतात."

धूळ झटकून त्यानं ती जोडली. पोरीनं बटण दाबून पेटवली, फुंकर मारून विझवली आणि कान लावला. थोड्या वेळानं आतून 'टक्' आवाज झाला. गॅस बंद. तिनं हे पाच वेळा केलं. सहाव्यांदा मी केलं. दुकानदार म्हणाला, "सर, किती विझवता? पोरीचा वाढदिवस हाय का?"

ती घेतली. काचेची तो परत घेईना, तिच्यावर दूध करपलं होतं. प्रयोगानंतर मी पातेलं उतरवायला विसरलो होतो आणि दूध उतू गेलं होतं.

मग फॅब्रिकेशनवाल्याकडं. पोरीनं कागदावर काढून दिलं तसं त्यानं केलं: स्टीलची चौकट, तिच्यात दोन बाजूंच्या दोन बोल्टांवर शेगडी टांगलेली, तळाला वजनाची जाड पट्टी, वर भांडी घसरू नयेत म्हणून कठडा. मी दोन सूचना केल्या. दोघांनीही त्या आदरानं ऐकल्या आणि सोडून दिल्या.

घरी परत विटा, परत तिरकं टेबल. या वेळी टेबल कललं आणि शेगडी सरळच राहिली. पातेलं जागच्या जागी. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात ही पुढं आली. उलथणं घेऊन पिठलं हाटल्यासारखं जोरात फिरवलं, तशी शेगडी पुढं-मागं पळायला लागली.

"हे बघा. मी हाटून राहिले अन् ही पळून राहिली. हिला धरायला कडी न्हाई का?"

पोरगी म्हणाली, "आई, खरंच. कडी पाहिजे. नाव उभी असली की लावून टाकायची." लगेच जाऊन कडी बसवून आणली.

आठवड्यानं बोटीवरून फोन आला. व्हिडिओत सगळंच तिरकं होतं: खिडकी, कपाट, आमचा जावई. मधोमध शेगडी तेवढी सरळ, तिच्यावर चहा. मी बघत राहिलो. बर्नर दुकानदाराच्या माळ्यावरचे, नकाशा पोरीचा, कडी तिच्या आईची.

"यात माझं काय गं?" मी विचारलं.

"तुमचं? काचेची तुमी तुमच्याकडंच ठेवून घेतली, हे काय कमी हाय?"

जावई हसताना कपातला चहा हिंदकळला. मी म्हणालो, "सिलिंडर बंद केला का?"

"केला पप्पा."

"जाऊन बघ."

तिनं चालू फोन तसाच टेकवून ठेवला आणि वर, सिलिंडर उघड्यावर असतो तिथं गेली; जावईही मागोमाग गेला. आम्ही दोघं त्या तिरक्या, रिकाम्या खोलीकडं बघत थांबलो. वरून तिचा आवाज आला, "बंद हाय!" मग कुठं ही उठली आणि आमच्या जेवणाचं बघायला आत गेली.