अण्णांचा आयरिश संपादक

एडिसनहून सकाळी सहाला निघालो. गाडी भाची रिया चालवत होती आणि माझ्या मांडीवर बहिणीने दिलेला मेथीच्या पराठ्यांचा डबा होता. जायचं मात्र मनातून नको होतं. माझे वडील, अण्णा, कराडला साप्ताहिक चालवायचे. तरुणपणी त्यांनी एका आयरिश पुढाऱ्याचं छोटं चरित्र लिहिलं. तोही संपादक. इंग्रजांविरुद्ध अग्रलेख लिहिले, खासदार झाला आणि तुरुंगात उपोषण करून एक्केचाळिसाव्या वर्षी मेला. ते शेवटचं पान अण्णांना पाठ आहे. ऐकवताना दर वेळी त्यांचा आवाज कापतो. आता, त्यांच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, तिसरी आवृत्ती छापून झाली, बांधणी तेवढी बाकी, आणि रियाला इंटरनेटवर त्या माणसाची कबर सापडली. तीही पेनसिल्व्हेनियात. एका नावाचे दोघे असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

नदी ओलांडल्यावर डोंगर सुरू झाले. वाटेतली कॉफी पाणचट होती. गाव जुनं, कोळशाचं. खाणी बंद, चर्च मात्र चौकाचौकात. पहिल्या दफनभूमीत अर्धा तास हिंडलो. सगळी नावं जर्मन.

"सॉरी मामा, रॉन्ग सिमेट्री यार! जीपीएसने गंडवलं."

खरी दफनभूमी टेकडीपलीकडे होती. गवत कापणाऱ्या म्हाताऱ्याला नाव सांगितलं. "एडिटर ना? चला," म्हणून तो पुढे झाला.

थडग्यावरचा दगड साधाच. नाव तेच, जन्मगाव तेच, बायकोचं नावही तेच. वय अठ्ठ्याहत्तर.

"तुरुंगात आजारी पडला म्हणून गुपचूप सोडून दिला आणि बोटीत बसवला," म्हातारा म्हणाला. "इथे खाणमजुरांचा पेपर काढायचा. सात नातवंडं झाली त्याला."

मला वाईट वाटलं. एक माणूस जगला याचं वाईट वाटतंय, हे ध्यानात आल्यावर लाजही वाटली.

"आजोबांना सांगणार? मे बी डोन्ट," परतताना रिया म्हणाली.

"त्यांनी जन्मभर स्वतःच्या चुका स्वतः छापल्या," मी म्हणालो आणि फोन लावला.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे सदतीस वर्षं आणखी जगला? आणि पेपर काढत होता?"

"हो."

"पुस्तकात शुद्धिपत्र घालायचं. लिहून घे."

मी कॉफीच्या पावतीमागे लिहू लागलो. 'चुकीबद्दल दिलगीर आहोत' हे त्यांचं नेहमीचं वाक्य सवयीने आधीच लिहून टाकलं आणि वाचून दाखवलं.

"खोड ते," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. "लिही, कळविण्यास अत्यंत आनंद होतो की..."