आधीचा आजार

कॉलनीच्या विहारातली मंडळी श्रीलंकेला निघाली, त्यांत आम्ही नवराबायकोही होतो. अनुराधपूरला यांच्या छातीत कळ आली. तिथल्या डॉक्टरांनी चालू औषधं विचारली, तेव्हा मी पर्समधल्या रक्तदाबाच्या गोळ्या पुढं केल्या. माणूस वाचला.

नाशिकला परतल्यावर प्रवासासाठी काढलेल्या विम्याच्या क्लेमचे कागद मीच लावले. शाळेच्या ऑफिसात जन्म गेलेली बाई मी. डिस्चार्ज कार्ड, बिलं, रिपोर्ट, पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या झेरॉक्स, सगळं क्रमानं. फॉर्मवर एक प्रश्न होता: आधीचा काही आजार? "नाही लिही," हे म्हणाले. विमा काढताना त्यांनी तेच लिहिलं होतं, हे मला तेव्हा कळलं. बारा वर्षं गोळ्या चालू होत्या. आणि रोज सकाळी पंचशील मोठ्यानं म्हणणारा हा माणूस.

पिंपळगावचे दीर मुद्दाम आले. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नोंद होती, म्हणून त्या विमा काढल्यावर नुकत्याच सुरू झाल्या, असा दाखला द्यायला त्यांच्या ओळखीचा डॉक्टर तयार होता. "वहिनी, एका कागदाचा तर प्रश्न हे," ते म्हणाले. मी चहा दिला आणि विषय बदलला. दुसऱ्या दिवशी 'बारा वर्षांपासून रक्तदाब' असं लिहून फॉर्म यांच्यासमोर ठेवला. मी बोट ठेवीन तिथं सही करायची यांची जुनी सवय. चष्मा न लावता त्यांनी केली.

क्लेम नामंजूर झाला. पत्रात कारण स्पष्ट होतं: विमा घेताना आजार लपवला.

त्यानंतर घरी कोणी आलं की हे माझी ओळख करून द्यायचे, "या सत्यवादी बाई. नवऱ्याला फसवून खरं बोलतात." पाहुणे हसायचे. फसवून हा शब्द खोटा नव्हता, म्हणून मी पाहुण्यांना पाणी आणायला आत जायचे.

एका रविवारी दीर-जाऊ जेवायला होते. हे म्हणाले, "तिथंच मेलो असतो तर बरं झालं असतं. हिला क्लेम तरी मिळाला असता."

मी आमटी वाढत होते. "नसता मिळाला," मी म्हणाले. "तेव्हाही मी बारा वर्षंच लिहिलं असतं."

जाऊबाईंचा घास हातातच राहिला. हे अर्धी भाकरी टाकून उठले. क्लेमचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि माझ्याशी बोलणंही कामापुरतंच उरलं. त्यांचा चेहरा उतरलेला पाहून त्या दुपारी मला बरं वाटलं होतं. ते मी कोणाला सांगितलेलं नाही.