अर्ध्या रेघेच्या पुढचं

सुलभाताई गेल्याचं मला लिफ्टमध्ये कळलं. वॉचमन म्हणाला, "ऊपरवाली मॅडम नहीं रही." मी नेहमीसारखी नुसती मान हलवली. घरात येऊन दार लावलं, तेव्हा रडू आलं…

इकडे आखातात, अल मजाजला आम्ही राहायला आलो तेव्हापासून त्या आमच्या वरच्या मजल्यावर. हमरियातल्या एका कंपनीत हिशेब बघायच्या आणि सुट्टीच्या दिवशी आभाळाचे फोटो काढायच्या. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यात चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी मागे सरते. ताईंना ते चालायचं. "तू डबा घे नि गाडीत बस, बोलायचं काम माझं," म्हणायच्या. खोर फक्कानच्या किनाऱ्यावर वाऱ्याने कॅमेऱ्याचा स्टँड हलू नये म्हणून त्याला तांदळाची पिशवी टांगायची, हे माझं काम. घरी आल्यावर त्याच तांदळाचा भात.

परदेशात रॉकेट सुटलं की कधीकधी त्याचा उजेड इथूनही दिसतो, हे त्यांनीच मला सांगितलं. तो फोटो त्यांना एकदा तरी हवा होता. पण कधी ढग आले, कधी धूळ. शेवटी एकदा आभाळ स्वच्छ राहणार असं कळलं, तर त्या अंथरुणाला खिळलेल्या. मला म्हणाल्या, "तू जा. मला काढून आण." मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "यल्ला, चल, मी नेतो."

कॅमेऱ्याच्या वायरला एक बटण होतं. ते दाबून धरलं असेल तोवर कॅमेरा उजेड टिपत राहतो, सोडलं की फोटो संपला. ताईंनी पुन्हा पुन्हा बजावलं, फक्त सोडू नकोस.

खोर फक्कानला अंधार पडल्यावर डोंगरामागून उजेड वर आला. आधी ठिपका, मग त्यामागे पांढुरका पिसारा… मी बटण घट्ट धरलं होतं. पण तो डोक्यावर आला आणि दिवेलागणीला जुळतात तसे माझे हात आपोआप जुळले. वायर खाली लोंबत राहिली. फोटोत आली फक्त अर्धी रेघ.

दुसऱ्या दिवशी मान खाली घालून ताईंना सगळं सांगितलं. त्या खोकला येईपर्यंत हसल्या. "रॉकेटला नमस्कार करणारी तू एकटीच गं." मग डोळे मिटून म्हणाल्या, "पुढचं तू बघितलंस ना? मग सांग."

मी सांगत गेले. पिसारा समुद्रावर कसा उघडला, शेजारच्या चटईवरची माणसं घास हातात धरून कशी बसली, हे कसे आ वासून बघत राहिले… शब्द सापडेना तिथे त्या थांबायच्या. मध्येच विचारलं, "खलास?"

"नाही, अजून आहे," मी म्हटलं. इतकं मी कोणाशीच कधी बोलले नव्हते.

परवा मुलीच्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. ती त्यांच्यासमोर म्हणाली, "आई, टेल देम अबाउट द रॉकेट." एरवी मी स्वयंपाकघरात निघून गेले असते. त्या दिवशी हात पुसले आणि त्यांच्यात जाऊन बसले.

"पहले एक छोटासा ठिपका था," मी सुरुवात केली.